रिकामी टाकी रिकामी नसते



गेल्या पावसाळ्याआधी आमच्या आरोग्य गटाने वस्तीत घरोघरी जाऊन डासांच्या अळ्यांची पाहणी केली. अळ्या शोधायच्या म्हणजे पिंपाच्या मागे, मोरीच्या कोपऱ्यात, पोटमाळ्यावर आणि पत्र्यावर डोकवावे लागते. अळ्या सापडल्याच, पण दुसरीही एक वस्तू ठिकठिकाणी दिसली. ती म्हणजे जुनी गॅसची टाकी. कुठे ती कॉटखाली आडवी पडलेली, कुठे तिच्यावर फळी टाकून बसायची सोय केलेली, तर कुठे पत्रा वाऱ्याने उडू नये म्हणून छपरावर ठेवलेली. कुणाची टाकी सासूच्या नावावरची, कुणाची गावाहून आणलेली, तर कुणाची आधीचा भाडेकरू सोडून गेलेला. विचारले की सगळीकडे एकच उत्तर: “रिकामीच आहे ती, राहू द्या.”

एका घरात मात्र आम्हाला थांबावे लागले. तिथला तरुण मुलगा लहान टाकी अंगणात काढून बसला होता. शेजारी मित्राकडून आणलेले ग्राइंडर. टाकी मधोमध कापायची, वरच्या भागाला जाळी लावायची आणि आईला आंघोळीचे पाणी तापवायला शेगडी करून द्यायची, असा त्याचा बेत होता. कल्पना वाईट नव्हती. आईची काळजी होती आणि हातात कसब होते. आम्ही म्हटले, “भाऊ, जरा थांब. आत गॅस असेल.” तो हसला. “दोन वर्षं झाली ताई, संपून,” असे म्हणत त्याने खिळ्याने वरची पिन दाबली. फुस्स असा बारीक आवाज आला आणि गॅसचा ओळखीचा वास सगळ्या अंगणात पसरला. मुलाने ग्राइंडरची वायर बोर्डातून काढली. पुढे बराच वेळ कुणी काही बोलले नाही.

असे पिन दाबून पाहणेही चुकीचेच आहे, हे आधी सांगून टाकतो. पण त्या फुस्स आवाजाने आम्हाला हा लेख लिहायला लावले. जुन्या टाकीचे काय करायचे हे आपल्याला कुणी नीट सांगितलेले नसते. ते आज समजून घेऊ.

टाकीत काय उरते?

स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण. दाबाखाली ठेवले की ते पाण्यासारखे पातळ होते. टाकी हलवल्यावर आत डुचमळते ते हेच. आपण बटण फिरवतो तेव्हा त्या पातळ गॅसची वाफ होऊन ती शेगडीपर्यंत येते. एक लिटर पातळ गॅसची साधारण अडीचशे लिटर वाफ होते. म्हणजे टाकीच्या तळाशी वाटीभर गॅस उरला, तरी त्याची वाफ लहान पिंप भरेल.

शेगडी विझली म्हणजे टाकी संपली, असे आपण म्हणतो. खरे तर शेगडीला ज्योत धरायला जेवढा दाब लागतो, तेवढा आता उरलेला नसतो, इतकेच. आत वाफ भरलेलीच असते. थंडीत विझलेली शेगडी दुपारी ऊन पडल्यावर पुन्हा थोडी पेटते, हे आपण घरात पाहिलेले असते. त्याचे कारण हेच. गारठ्यात गॅसची वाफ कमी होते आणि उन्हात वाढते. म्हणूनच पत्र्यावर ठेवलेली “रिकामी” टाकी वैशाखाच्या उन्हात पुन्हा दाब धरते.

वाफेशिवाय टाकीच्या आतल्या भिंतीला तेलकट थर बसतो. वर्षानुवर्षे गॅस भरून आणि वापरून हा थर साचत जातो. तो उघड्यावर सहज उडून जात नाही. टाकी तापली की मात्र त्यातून जळाऊ वाफ निघते.

आता वासाचे पाहू. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन जातीचा उग्र वासाचा पदार्थ अगदी थोडा मिसळतात. टाकी फार जुनी असेल आणि आत गंज चढला असेल, तर हा वास गंजात मुरून कमी होतो. शिवाय सर्दी झालेल्या माणसाला तो येत नाही, आणि बराच वेळ त्याच वासात बसलेल्या माणसाच्या नाकालाही तो जाणवेनासा होतो. तेव्हा “वास येत नाही, म्हणजे गॅस नाही” हा हिशोब जुन्या टाकीला लावू नका.

भरलेली टाकी कापायला कुणी धजत नाही, रिकामी का कापतात?

कारण भीती वाटत नाही. पण कापण्यासाठी रिकामी टाकी जास्त धोक्याची असते. गॅस एकटा जळत नाही, त्याला हवा लागते. हवेत गॅसचे प्रमाण शंभरात साधारण दोन ते नऊ भाग असले की ठिणगी पडताच सगळे मिश्रण एकदम पेटते. प्रमाण दोनपेक्षा कमी असेल तर पेटत नाही, आणि खूप जास्त असेल तरीही पेटत नाही. भरलेल्या टाकीच्या आत हवा नसल्यामुळे आतला गॅस आतल्या आत पेटू शकत नाही.

रिकाम्या टाकीचा व्हॉल्व्ह काढला, पिन दाबून गॅस सोडला किंवा ग्राइंडरने पहिली चीर पडली, की आत हवा शिरते. मग उरलेली वाफ आणि शिरलेली हवा यांचे नेमके तेच पेट घेणारे मिश्रण टाकीच्या पोटात तयार होते. त्याच चिरेतून ग्राइंडरच्या ठिणग्या आत जातात. चारही बाजूंनी बंद लोखंड आणि आत भडका. फुटलेला पत्रा समोर बसलेल्या माणसाच्या छातीवर आणि तोंडावर येतो. गॅसकटरने कापले तर उष्णतेने तेलकट थराचीही वाफ होते, आणि धोका आणखी वाढतो.

“आम्ही पाणी भरून कापतो, काही होत नाही,” असे सांगणारे लोक भेटतात. त्यांचे एकदा, दोनदा, दहादा निभावलेले असते. पण पाणी भरण्यासाठी आधी व्हॉल्व्ह उघडावा लागतो. तो कारखान्यात यंत्राने घट्ट बसवलेला असतो. पाना लावून, हातोडीने ठोकून तो काढताना आत दाब असला तर व्हॉल्व्ह बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. पाणी भरले तरी वरच्या घुमटात हवा आणि वाफेची पोकळी राहू शकते. कापायला पाणी ओतून दिले की भिंतीचा तेलकट थर होता तिथेच असतो. टाक्या मोडीत काढण्याचे काम परवानगी असलेल्या ठिकाणी, मोजमापाची साधने घेऊन केले जाते. अंगणात बादली आणि नळी घेऊन ते होत नाही.

म्हणून आमचे सांगणे एका वाक्याचे आहे: गॅसची टाकी घरी कापू नका, भोक पाडू नका, तिच्यावर वेल्डिंग करू नका आणि व्हॉल्व्ह काढू नका. शेगडी, बंब, तंदूर, पाण्याची टाकी, पंक्चरवाल्याची हवेची टाकी, यातले काहीही तिच्यापासून करू नका. शेगडीच हवी असेल तर तेलाचा उघडा डबा, जुनी लोखंडी बादली किंवा घमेले वापरा. जे आधीपासून उघडे आहे आणि ज्यात कधी गॅस, पेट्रोल किंवा रसायन नव्हते, तेच कापायचे.

आधी टाकी ओळखा

पुढे काय करायचे हे टाकी कोणती आहे त्यावर ठरते.

पहिला प्रकार म्हणजे गॅस कंपनीची घरगुती टाकी. ही १४.२ किलो गॅसची असते, किंवा लहान ५ किलोची. इंडेन, भारतगॅस किंवा एचपी गॅस असे नाव तिच्यावर असते. वरच्या कड्याखालच्या पट्ट्यांवर रिकाम्या टाकीचे वजन लिहिलेले असते. १४.२ किलोच्या टाकीचे हे वजन साधारण १५-१६ किलो असते, म्हणजे भरलेली टाकी ३० किलोच्या आसपास भरते.

त्याच पट्टीच्या आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात, उदाहरणार्थ ‘बी-२७’. अक्षरे चारच असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे आकडे वर्षाचे. बी-२७ म्हणजे जून २०२७ पर्यंत या टाकीची पुढची तपासणी व्हायला हवी. ही तारीख गॅस खराब होण्याची नव्हे. टाकीच्या लोखंडाची आणि सांध्याची पाण्याच्या दाबाने परीक्षा घेण्याची ती मुदत आहे. मुदत उलटलेली टाकी कुणी दारात आणून दिली तर घेऊ नका, बदलून मागा. तुमच्या घरात पडलेल्या जुन्या टाकीवर दहा-पंधरा वर्षांपूर्वीची तारीख असेल, तर तिच्या लोखंडाचा भरवसा कुणीच देऊ शकत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे कंपनीचीच, पण कनेक्शनशिवाय मिळणारी ५ किलोची टाकी. ‘छोटू’ नावाने ती बऱ्याच जणांना माहीत आहे. ओळखपत्र दाखवून ती गॅस एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर मिळते. पत्त्याचा पुरावा लागत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे शेगडी दुरुस्तीच्या दुकानात मिळणारी दोन, तीन किंवा पाच किलोची बिनकंपनीची टाकी. वरच बर्नर बसवलेली असते. कामासाठी बाहेरगावी राहणारी मुले, हातगाडीवाले आणि भाड्याने राहणारी कुटुंबे हीच वापरतात. आपल्या वस्त्यांत हिची संख्या कमी नाही.

कंपनीची टाकी आपल्या मालकीची नसते

ही गोष्ट बऱ्याच घरांत माहीत नसते. आपण कनेक्शन घेतो तेव्हा टाकी विकत घेत नाही. अनामत रक्कम भरून ती वापरायला आणतो. टाकी कंपनीची, आत भरलेला गॅस आपला. त्यामुळे ती भंगारात विकणे हा गुन्हा ठरू शकतो, आणि विकत घेणारा भंगारवालाही त्यात अडकतो. दुसरीकडे यात आपला फायदाही आहे. टाकी परत केली की अनामत परत मिळते. पंधरा किलो लोखंडाच्या मोहापायी ती घालवू नका.

परत करण्याची पद्धत अशी आहे.

१. कनेक्शनचा कागद शोधा. त्याला सबस्क्रिप्शन व्हाउचर म्हणतात, एजन्सीत नुसते ‘एस.व्ही.’ म्हटले तरी कळते. टाक्या किती आणि अनामत किती, हे त्यावर लिहिलेले असते. जेवढी त्यावर लिहिली आहे तेवढीच रक्कम परत मिळते. फार जुन्या कनेक्शनची रक्कम म्हणून लहान असते.

२. कागद हरवला असला तरी खचू नका. गॅसचे पुस्तक, ग्राहक क्रमांक आणि आधार घेऊन एजन्सीत जा. कागद हरवल्याचे प्रतिज्ञापत्र घेऊन काम होते.

३. ज्यांच्या नावावर कनेक्शन आहे त्यांचे निधन झाले असेल, तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती लागते. कनेक्शन बंद करण्याऐवजी सुनेच्या किंवा मुलीच्या नावावर करून घेता येते. घरातल्या बाईच्या नावावर गॅस असणे केव्हाही चांगले.

४. टाकीबरोबर रेग्युलेटरही परत द्यावा लागतो. तो हरवला असेल तर त्याचे पैसे कापतात.

५. परत केल्यावर टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे कनेक्शन बंद केल्याचा कागद, मागून घ्या. दुसऱ्या गावी नवे कनेक्शन घेताना तो उपयोगी पडतो. हा कागद हातात आल्याशिवाय टाकी सोडून येऊ नका.

उज्ज्वला योजनेतल्या भगिनींनी एक लक्षात ठेवावे. त्या कनेक्शनची अनामत आपण भरलेली नसते, सरकारने भरलेली असते. त्यामुळे परत करताना रक्कम मिळणार नाही. पण भरायला परवडत नाही म्हणून टाकी कोपऱ्यात पडून असेल, तर आधी एजन्सीत विचारा. या योजनेत १४.२ किलोऐवजी ५ किलोच्या टाकीची सोय आहे. एका वेळी कमी पैसे लागतात, म्हणून रोजंदारीवरच्या घराला ती झेपते. आणि २०२१ च्या ऑगस्टपासून स्थलांतरित कुटुंबांना पत्त्यासाठी स्वतःचे घोषणापत्र चालते.

एजन्सीने टाळाटाळ केली तर तिन्ही कंपन्यांच्या ग्राहकांसाठी १८००-२३३३-५५५ हा निःशुल्क क्रमांक आहे. एकट्याने जाऊन काम होत नसेल तर चार-पाच घरे मिळून जा आणि अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

तुम्ही परत केलेली टाकी फुकट जात नाही. ती कंपनीच्या कारखान्यात जाते. तिथे तिची तपासणी होते, व्हॉल्व्ह दुरुस्त होतो, रंग दिला जातो आणि चांगली असेल तर ती पुन्हा कुणाच्या तरी घरी चूल पेटवते. नापास झाली तर नियमाप्रमाणे तिला चेपून सपाट करतात किंवा पुन्हा जोडता येणार नाही अशी कापतात. जुन्या टाकीचा खरा पुनर्वापर हाच. या सगळ्या कामावर देखरेख करणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संस्थेचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे.

बिनकंपनीच्या लहान टाकीचे काय?

इथे उत्तर तितके सोपे नाही. एजन्सी ती घेईलच असे नाही, कारण ती तिची नसते. पण ती वापरत राहणे हा त्यावर उपाय नव्हे.

ही टाकी कशी भरतात ते पाहिले आहे का? मोठी टाकी उलटी धरतात, मध्ये नळी लावतात आणि गॅस लहानीत उतरवतात. एका टाकीतून दुसरीत गॅस भरायला कायद्याने बंदी आहे. धोका त्याहून मोठा आहे. कारखान्यात टाकी कधीच काठोकाठ भरत नाहीत. घरगुती टाकीत ३३.३ लिटर पाणी मावते, पण गॅस मात्र १४.२ किलोच भरतात. म्हणजे साधारण पाचवा हिस्सा मोकळा राहतो. उष्णतेने पातळ गॅस फुगतो, त्याला ही जागा लागते. दुकानात अंदाजाने भरलेल्या लहान टाकीत ती जागा उरली की नाही, हे कुणीच मोजत नाही. काठोकाठ भरलेली टाकी उन्हात किंवा शेगडीच्या आचेजवळ ठेवली, तर पातळ गॅसला फुगायला जागा नसते आणि लोखंड फाटते. त्यात या टाकीची तपासणी कुणी करत नाही आणि बर्नर थेट टाकीच्याच डोक्यावर असतो.

आमचा सल्ला असा. आता जो गॅस आत आहे, तो नेहमीसारखा स्वयंपाकात हवेशीर जागी संपू द्या. पुन्हा भरायला नेऊ नका. गॅस मुद्दाम हवेत किंवा गटारात सोडू नका. मग टाकी उभी, सावलीत, मोकळ्या हवेत ठेवा. वस्तीतल्या अशा सगळ्या टाक्यांची यादी करा आणि मंडळाच्या किंवा महिला बचत गटाच्या नावाने जवळच्या अग्निशमन केंद्राला आणि पालिकेच्या वॉर्ड ऑफिसला पत्र द्या. ‘या टाक्या सुरक्षितपणे मोडीत काढायच्या आहेत, व्यवस्था करावी’ असे सरळ लिहा. एका घराची टाकी कुणी मनावर घेत नाही, पण तीस घरांच्या यादीकडे दुर्लक्ष करणे अवघड जाते. आणि लहान टाकीची गरज असेल तर कनेक्शनशिवाय मिळणारी कंपनीची ५ किलोची घ्या. ती परत दिली तर काही पैसेही मिळतात.

भंगाराचे काम करणाऱ्यांसाठी

आपल्या घरांतली कितीतरी माणसे भंगार वेचतात, फेरीने गोळा करतात, गोदामात कापायला बसतात. हे काम आपल्या वाट्याला का आले, ते आपण सारे जाणतो. ते सोडून द्या, असे सांगायला हा लेख नाही. पण दुसऱ्याने स्वस्तात टाकलेला धोका आपल्या मुलाने अंगावर घेऊ नये, एवढे सांगणे आमचे काम आहे.

फेरीत गॅसची टाकी मिळाली तर ती वजनावर घेऊ नका. गोदामात आलीच तर ग्राइंडर, गॅसकटर, बिडी आणि उन्हापासून दूर, मोकळ्यावर उभी ठेवा आणि गॅस एजन्सीला कळवा. मालक ‘काप’ म्हणाला तर नाही म्हणा. लहान मुलांना टाकी ढकलू, गडगडवू किंवा तिच्यावर दगड मारू देऊ नका.

फ्रिज आणि एसीच्या गॅसच्या लहान टाक्याही भंगारात येतात. त्यांच्यात उरलेला गॅस आगीत जळला तर विषारी धूर होतो. त्यांची शेगडी करणाऱ्याला हे माहीत नसते. घरात पडून राहिलेले ऑक्सिजनचे नळकांडे ज्या दुकानाकडून आणले त्यालाच परत करा. त्याला तेल-ग्रीसचा हात लावू नका, कारण जोरात सुटलेल्या ऑक्सिजनमुळे तेल आपोआप पेट घेऊ शकते.

अत्तराच्या फवाऱ्याचा डबा, डास मारायच्या स्प्रेचा डबा, लायटर भरायची बाटली या लहान वस्तूही गॅसच्याच बाटल्या आहेत. हिवाळ्यात शेकोटीत कचरा टाकताना मुले त्या आत टाकतात आणि डबा फुटून डोळ्याला इजा होते. त्या ओल्या कचऱ्यात किंवा जाळात न टाकता वेगळ्या पिशवीत ठेवा आणि घंटागाडीच्या ताईला सांगून द्या.

जत्रेतल्या आणि मेळ्यातल्या फुग्यांबद्दलही दोन शब्द. काही फुगेवाले जुन्याच टाकीत कॉस्टिक सोडा, अॅल्युमिनियमचे तुकडे आणि पाणी टाकून हायड्रोजन तयार करतात. त्यात खूप उष्णता होते, दाब वाढतो आणि हायड्रोजन ठिणगीलाही थांबत नाही. अशा टाकीजवळ मुलांची रांग लागू देऊ नका. फुगा लांबून आणा, किंवा तोंडाने फुगवलेलाच घ्या.

परत देईपर्यंत

कामाला चार-आठ दिवस लागतात. तोवर टाकी कशी ठेवायची?

नेहमी उभी ठेवा, आडवी नको. व्हॉल्व्हवर दोऱ्याची प्लॅस्टिक टोपी दाबून बसवा. टोपी नसेल तर एजन्सीतून मागा. कॉटखाली, खड्ड्यात, बंद कपाटात किंवा पोटमाळ्यावर ठेवू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत पसरतो आणि गटारात उतरतो. आपली लेकरे जमिनीवरच झोपतात, हे विसरू नका.

गळतीचा संशय आला तर साबणाचा फेस लावून पाहा, बुडबुडे आले की गळती आहे. काडी ओढून कधीही पाहू नका. वास आला तर दार-खिडक्या उघडा, चूल आणि उदबत्ती विझवा, दिव्याचे किंवा पंख्याचे बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. टोपी लावून टाकी मोकळ्यावर न्या, शेजाऱ्यांना सांगा आणि बाहेर जाऊन १९०६ वर फोन करा. गॅस गळतीसाठीचा हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

वस्तीत भिंतीला भिंत असते. ७ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईत कांदिवलीच्या दामूनगर वस्तीला आग लागली, तेव्हा टाक्या एकामागून एक फुटत गेल्या आणि शेकडो झोपड्या जळून गेल्या. घरात एक जास्तीची टाकी म्हणजे आपल्यासह शेजारच्या दहा घरांचा धोका. जयंतीच्या आणि पौर्णिमेच्या भोजनदानालाही हे लागू आहे. मांडवामागे रिकाम्या टाक्यांचा ढीग रात्रभर पडू देऊ नका, ज्या दिवशी आणल्या त्याच दिवशी परत पाठवा.

भाजले तर

कपडे पेटले तर पळू नका, जमिनीवर लोळा. दुसऱ्याने जाड सुती चादर किंवा गोधडी टाकावी. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडत राहा. नळ नसेल तर मगाने हळूहळू ओता. बर्फ नको. बांगड्या, अंगठ्या सूज यायच्या आधी काढा. चिकटलेले कापड ओढू नका. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप काहीही लावू नका, फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापडाने सैल झाका. चेहरा भाजला असेल, श्वासाला त्रास होत असेल किंवा भाजलेली जागा मोठी असेल तर लगेच १०८ ला बोलवा.

पातळ गॅस अंगावर उडाला तर गारठ्याने कातडी पांढरी पडून बधिर होते. ती चोळू नका. कोमट पाण्यात धरा आणि दवाखान्यात जा.

या आठवड्याचा गृहपाठ

हा लेख घरात मोठ्याने वाचा. मग घरातल्या आणि पत्र्यावरच्या सगळ्या टाक्या पाहा. पट्टीवरचे अक्षर आणि आकडे शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्या आणि वहीत लिहा. कनेक्शन कुणाच्या नावावर आहे ते लिहा. जी टाकी वापरात नाही, तिच्यापुढे ‘परत’ असे लिहा आणि एजन्सीत जायचा वार ठरवा. रबरी नळीही पाहून घ्या. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. अधिकृत कनेक्शनच्या अपघातात कंपनीचा विमा असतो, पण शेगडी, नळी आणि रेग्युलेटर प्रमाणित हवेत, हेही लक्षात असू द्या. बिनकंपनीच्या टाकीला असा कुठलाच आधार नसतो.

त्या मुलाची टाकी बिनकंपनीची निघाली. आमच्या पहिल्या यादीत तिचा क्रमांक एक आहे आणि पत्र अग्निशमन केंद्रात दिले आहे. तोवर ती विहाराच्या आवारात, सावलीत, पोरांच्या हाताला न लागेल अशी उभी आहे. मुलाने आईसाठी तेलाच्या उघड्या डब्याची शेगडी केली. आम्ही ती पाहून आलो. पाणी छान तापते.